वाढत्या अंगाचा बोर्ड

पत्र : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. उंची ४ फूट ९ इंच, वजन ३८ किलो. दोन वर्षं ती ७ फुटी सॉफ्टटॉपवर, म्हणजे शिकणाऱ्यांच्या मऊ फोमच्या बोर्डावर, सर्फिंग करते आहे. न फुटलेली लाट आता स्वतः पॅडल करून, म्हणजे पालथं पडून हातांनी पाणी मारत, पकडते, डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंना जाते, वळायची खटपट करते. आठवड्यातून दोन दिवस पाण्यात असते. लाटा बहुतेक वेळा गुडघ्यापासून छातीपर्यंत, क्वचित डोक्याइतक्या. आता तिला ‘खरा’ बोर्ड हवाय. तिचे प्रशिक्षक म्हणतात, ५ फुटी, १८ लिटरचा घ्या, स्पर्धेतली मुलं तोच वापरतात. माझा भाऊ स्वतः सर्फिंग करतो. तो म्हणतो, वाढतं अंग आहे, माझा जुना ६ फूट २ इंची, ३४ लिटरचा बोर्ड घेऊन जा, चार वर्षं पुरेल. आणि लेकीला टोकदार नाकाचा पांढराशुभ्र बोर्डच हवा. मला पोहता येतं, पण बोर्डातलं काही कळत नाही. एक घ्यावा की दोन? आणि कोणता?
— एक आई

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन बोर्ड आहेत आणि तिन्ही दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत. ५ फुटी बोर्ड तुमची लेक दीड-दोन वर्षांनी जशी सर्फिंग करेल, त्या मुलीचा. ६ फूट २ इंची मामाचा, म्हणजे पंचाहत्तर किलोंच्या आसपासच्या पुरुषाचा. आणि तो टोकदार पांढरा बोर्ड पडद्यावर दिसलेल्या कुठल्यातरी विजेतीचा. आज ३८ किलोच्या, नुकत्या वळायला लागलेल्या मुलीचा बोर्ड या तिघांत नाही.

आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. कडक बोर्ड एकच घ्या. लांबी ५ फूट २ ते ५ फूट ६ इंचांच्या मध्ये, रुंदी १९ इंचांच्या आसपास, आकारमान २३ ते २५ लिटर. नाक थोडं भरलेलं, तळ फार वाकलेला नको, मागे स्क्वॉश टेल, म्हणजे कोपरे गोलावलेली चौकोनी शेपूट, आणि तळाला मागे तीन फिन, म्हणजे माशाच्या परांसारखी पाती. आणि सॉफ्टटॉप विकू नका. दोन बोर्ड हवेत का, या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. दुसरा तुमच्या घरात आधीच आहे.

आता एक हिशेब करू. छोट्या-मध्यम लाटेवरची एक फेरी पाच ते दहा सेकंदांची असते. आठ धरा. दीड तासात तिला पंधरा लाटा मिळाल्या, तर बोर्डावर उभं राहून झालेला तिचा सराव किती? दोन मिनिटं. बाकीचा वेळ पॅडल करण्यात, लाटेची वाट बघण्यात आणि नाकातलं पाणी शिंकरण्यात गेला. सायकल शिकणाऱ्या मुलाला रोज दोनच मिनिटं सायकलवर बसू दिलं तर ते कधी शिकेल, तसा हा खेळ आहे. आता बोर्ड एकदम छोटा केला, पंधराच्या सहा लाटा झाल्या, त्यातल्या निम्म्यांवर उठतानाच पडली, तर उरले चोवीस सेकंद. आठवड्याचे दोन दिवस मिळून एक मिनिटसुद्धा नाही. बोर्डाबद्दल तुम्हाला कुणी काहीही सांगितलं, तरी आधी विचारा की यावर तिला लाटा किती मिळतील. माझ्या लेखी सगळी निवड तिथून सुरू होते.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम करा. किनाऱ्यावर बसताच आहात, तर वही घेऊन बसा. तिने लाटेसाठी पॅडल केलं की एक उभी रेघ. उभी राहून लाटेच्या भिंतीवरून बाजूला गेली, की त्या रेघेवर आडवी काट. नुसती फेसाळ पाण्यात सरळ किनाऱ्याकडे आली, तर काट नाही. सॉफ्टटॉपवरचे असे तीन-चार दिवस लिहून ठेवा. नवा बोर्ड आला की आकडा पडणारच, घाबरू नका. पण सहा-आठ वेळा पाण्यात जाऊनही आधीच्या दोन-तृतीयांशापर्यंत तो चढला नाही, तर बोर्ड लहान आहे, मग दुकानदार काहीही म्हणो.

वहीत आणखी एक नोंद करा. छाती कुणाची? तुम्ही लिहिता लाटा ‘छातीपर्यंत’. पाण्यातली मोठी माणसं स्वतःच्या छातीचं माप सांगतात, आणि तीच लाट ४ फूट ९ इंचांच्या मुलीच्या हनुवटीला लागते. मोठ्यांच्या डोक्याइतकी लाट म्हणजे तर तिच्या डोक्यावर आणखी फूटभर पाणी. तुमच्यासाठी जी मध्यम लाट, ती तिच्यासाठी मोठी असते. त्यामुळे ‘मध्यम लाटांसाठी’ म्हणून मोठ्यांना जे सुचवतात, ते तिला जसंच्या तसं लागू पडत नाही. फुटांत कुणी सांगितलं तर अजूनच सावध राहा. काही जण लाट समोरून मोजतात, काही जण मागून, आणि त्यात दुपटीचा फरक पडतो.

लिटरचं गणित तुम्हाला सगळे ऐकवतील, म्हणून ते नीट समजून घ्या. लिटर म्हणजे बोर्डाने व्यापलेली जागा. समुद्राचं पाणी लिटरला एक किलोपेक्षा जरासंच जड असतं. म्हणजे २४ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडवला, तर तो साडेचोवीस किलोंच्या आसपास भार उचलतो. त्यातले अडीच-तीन किलो बोर्डाचंच वजन. उरले बावीसएक किलो. तुमची लेक ३८ ची. थांबलेल्या बोर्डावर ती उभी राहिली तर बोर्ड बुडणारच. मग लाटेवर का बुडत नाही? वेगामुळे. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो, तसा वेगातला बोर्ड पाण्याच्या वर चढून सरकतो. लिटर लागतात ते वेग येण्याआधी: पालथं पडून पॅडल करताना आणि लाट पाठीशी लागते त्या दोन-तीन सेकंदांत. लाट मोठी आणि उभी असेल तर वेग ती देते, बोर्ड छोटा चालतो. लाट गुडघ्याएवढी मिळमिळीत असेल तर वेग बोर्डाने आणि हातांनी आणायचा असतो, तिथे लिटर कामी येतात.

वजनाला एका आकड्याने गुणून लिटर काढायची पद्धत आहे. रोज पाण्यात असणारा मुरलेला सर्फर ०.३५ ते ०.४ ने गुणतो. बऱ्यापैकी येणारा, पण शनिवार-रविवारचा सर्फर ०.५ च्या आसपास. सॉफ्टटॉपवरून नुकतं उतरणाऱ्या मुलासाठी मी ०.६ ते ०.६५ धरतो. ३८ ला त्याने गुणा, २३ ते २५ येतात. हा आकडा दगडावरची रेघ नाही. मूल दंडाने ताकदवान असेल तर एक लिटर कमी चालेल, लाटा कायमच मऊ असतील तर एक जास्त. पण १८ आणि ३४ हे दोन्ही आकडे या पट्ट्याच्या किती बाहेर आहेत बघा. १८ म्हणजे तिच्या वजनाला ०.४७, ३४ म्हणजे जवळजवळ ०.९.

मामाचं मन मोडायचं नाही, पण त्याचा बोर्ड का नको ते सांगतो. वाढत्या अंगाचे कपडे आपण सगळ्यांनीच घातलेत. बाह्या दुमडल्या, कमरेला पिन लावली की भागतं. बोर्डाच्या बाह्या दुमडता येत नाहीत. वळायचं असतं तेव्हा बोर्डाची आतली कड, म्हणजे रेल, पाण्यात रुतवावी लागते. रेल जितकी जाड, तितकं पाणी तिला वर ढकलतं. पंचाहत्तर किलोंच्या माणसासाठी घडवलेली रेल ३८ किलोंनी रुतत नाही, पाण्यावर नुसती घसरते. मग मूल काय करतं? खांदे फिरवतं, हात फेकतं, मागचा पाय आपटून बोर्ड वळवायला बघतं. वरून ते वळल्यासारखं दिसतंही. ही सवय एकदा अंगात मुरली की पुढे मोडायला दोन-दोन वर्षं जातात. शिवाय समोरून येणाऱ्या फुटलेल्या लाटेखाली नाक दाबून जाणं, ज्याला डक-डाइव्ह म्हणतात, ते ३४ लिटरने तिला जमणारच नाही. २४ लिटरनेसुद्धा सुरुवातीला अर्धवटच जमेल, पण शिकता तरी येईल.

आणि तरंगणारा, स्थिर, माफ करणारा बोर्ड तर तिच्याकडे आहेच! ७ फुटी सॉफ्टटॉप. मामाचा बोर्ड तेच काम कमी चांगलं करेल आणि वर डोक्यात लागेल.

हे पटत नसेल तर मामाला त्याचा बोर्ड घेऊन येऊ द्या आणि लेकीला रेल हातात धरायला सांगा. अंगठा वर, चार बोटं खाली, बोर्डाच्या मध्यापाशी. मामाच्या बोर्डाची कड तिच्या हातात विटेच्या कोपऱ्यासारखी भरेल, बोटं नीट वळणारच नाहीत. तिच्या मापाच्या बोर्डाची कड हाताच्या बेचक्यात बसते आणि बोटांच्या टोकांना खालची धार लागते. मग बोर्ड काखेत धरायला सांगा. खालच्या कडेला बोटांची पकड बसत नसेल, तर तो बोर्ड तिच्या हातांना पॅडल करतानाही रुंद पडणार, हे समजून जा. दुकानातही हेच करा. दहा वाक्यांच्या माहितीपत्रकापेक्षा या दोन गोष्टी जास्त सांगतात.

तर वाढत्या अंगाचं काय? त्याची सोय आपोआप होते. आज २४ लिटर तिच्या वजनाच्या ०.६३ आहेत. ती ४५ किलोंची झाली की तेच ०.५३ होतील, ५० ला ०.४८. तोवर तिचं कौशल्यही वाढलेलं असेल आणि तिला तेवढेच लागतील. म्हणजे आज शिकायला पुरेसा सैल असलेला बोर्ड पुढे अंगासरशी बसत जातो. वेगळा मोठा घ्यायची गरजच नाही.

प्रशिक्षकांबद्दल. ते चुकलेले नाहीत, पुढचं बोलताहेत. ५ फुटी, सव्वासतरा इंच रुंद, २ इंच जाड बोर्ड आठवड्यातले पाच दिवस पाण्यात असलेल्या, पॅडलने दंड भरलेल्या मुलांना शोभतो. तुमची मुलगी दोन दिवस जाते. तिने ७ फुटांवरून, म्हणजे पन्नासहून जास्त लिटरवरून, थेट १८ वर उडी मारली तर मधल्या पायऱ्या राहून जातात. प्रशिक्षकांना एवढंच विचारा: ‘गुडघ्याएवढ्या लाटांच्या दिवशी या बोर्डावर तिला किती मिळतील?’ चांगला प्रशिक्षक यावर हसून विचार करतो. आणि त्यांच्याकडे एखादा २२-२५ लिटरचा बोर्ड असेल तर विकत घ्यायच्या आधी दोन दिवस मागून घ्या. उसना बोर्ड हा सर्वांत प्रामाणिक सल्लागार.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. नव्वदच्या दशकात बोर्ड एकदम अरुंद आणि पातळ झाले. १९९२ मध्ये केली स्लेटर विसाव्या वर्षी पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि आम्हा सगळ्यांना त्याच्यासारखाच बोर्ड हवा होता: सव्वाअठरा इंचांच्या आसपास रुंद, नाक-शेपूट केळ्यासारखं वर वळलेलं. तो अकरा वेळा जगज्जेता झाला, मी दोन मोसम नुसता बुडत राहिलो. बोर्डात खोट नव्हती. तो वेगवान, उभ्या लाटांवर विजेसारखा चालायचा, आणि मी त्याला कमरेएवढ्या सुस्त लाटांत घेऊन बसायचो. ज्या दिवशी एका मित्राचा रुंद, सपाट तळाचा बोर्ड घेतला, त्या दिवशी पहिल्या तासात जेवढ्या लाटा मिळाल्या तेवढ्या आधीच्या महिन्यात मिळाल्या नव्हत्या. तेव्हापासून मोजतोय.

त्या केळ्याच्या वळणाला रॉकर म्हणतात आणि छोट्या लाटांत लिटरखालोखाल महत्त्व त्याला. बघायची रीत सोपी आहे. बोर्ड पालथा घालून तळाच्या मधोमध एक लांब सरळ काठी ठेवा. पुढच्या आणि मागच्या टोकाशी काठी आणि बोर्ड यांत फट दिसेल. फट जास्त तितका बोर्ड वळायला तयार, उभ्या लाटेत नाक न खुपसणारा, आणि सपाट पाण्यावर आळशी, कारण तो पाण्याला कापण्याऐवजी समोर ढकलत जातो. फट कमी तितका तो लवकर पळतो, पण लाट उभी झाली की नाक पाण्यात घालायची भीती. तुमच्या लेकीसाठी मधला घ्या, आणि मधल्यातला थोडा सपाटाकडचा. दुकानात तीन बोर्ड शेजारी-शेजारी पालथे घालून हा प्रयोग केलात तर डोळ्यांना फरक लगेच कळेल. माप लिहून घ्यायचीही गरज नाही.

नाक टोकदार हवं हा तिचा हट्ट मात्र अर्धा पुरवता येईल. छोट्या लाटांच्या बोर्डात रुंदीचा भर थोडा पुढे, छातीखाली असावा लागतो, म्हणजे पॅडल करताना पुढचा भाग बुडत नाही. सुईसारखं नाक तिथे जागा वाया घालवतं. पण भरलेल्या नाकालाही छोटंसं टोक असतं, आणि रंग पांढरा मिळतोच. रंग तिलाच ठरवू द्या. बारा वर्षांच्या पोरीला मैत्रिणींसमोर ‘बाळाचा बोर्ड’ नको असतो आणि हे कारण क्षुल्लक नाही: जो बोर्ड तिला आवडत नाही, तो घेऊन ती पहाटे उठणार नाही.

शेपटीचं फार मनावर घेऊ नका. स्क्वॉश सगळ्यात कामाला येते. गोल शेपूटही चालेल, वळणं जरा गुळगुळीत होतात. माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली फिश बघून लेक हरखेल. त्या आकाराला एक इतिहास आहे. स्टीव्ह लिस या सर्फरने १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत तो गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी बनवला. बुटका, रुंद, दोन फिनचा. कमकुवत लाटेत तो सुसाट पळतो. पण पहिला कडक बोर्ड म्हणून मी तो देत नाही. दोन फिन शिकणाऱ्याच्या पायाखालून निसटतात. ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने दोन फिनवर १९७९ ते १९८२ सलग चार जगज्जेतेपदं घेतली हे खरं, पण त्याच काळात त्याच्याच देशाच्या सायमन अँडरसनला मोठ्या लाटेत तेच निसटणं इतकं जाचलं, की १९८० मध्ये त्याने मधे तिसरी फिन बसवली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातली बेल्स बीच आणि हवाईतली पाइपलाइन या दोन्ही स्पर्धा त्याने त्या बोर्डावर जिंकल्या, आणि आज बहुतेक बोर्ड तीन फिनचेच येतात. तिसरी फिन शेपूट धरून ठेवते. तुमच्या लेकीला सध्या ते धरून ठेवणंच हवंय. फिश तिचा तिसरा बोर्ड असू दे.

फिनबाबत एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक घरात होते. बोर्ड मुलाच्या मापाचा आणि फिन मोठ्यांच्या. दुकानातून सहज दिलं जाणारं मीडियम माप साधारण ६५ ते ८० किलोंच्या माणसासाठी असतं. ३८ किलोंच्या मुलीखाली ते लावलं की बोर्ड रुळावरून चाललाय असं वाटतं, वळतच नाही, आणि दोष बोर्डाला किंवा मुलीला जातो. सर्वांत लहान, मुलांसाठीचं माप मागा. आणि बोर्डात खाच कुठली आहे ते बघूनच घ्या. एफसीएस आणि फ्यूचर्स या दोन पद्धती एकमेकींत बसत नाहीत. एका लांब खाचेत पुढे एकच स्क्रू दिसला तर फ्यूचर्स. जुन्या एफसीएसला दोन छोट्या खाचा आणि दोन स्क्रू, नव्याला स्क्रूशिवाय दाबून बसतात.

आता बोर्ड कशाचा. आत फोमचा गाभा, वर रेझिनने कडक केलेलं काचतंतूंचं कवच. त्यात दोन घराणी आहेत. पॉलियुरेथेन फोमवर पॉलिएस्टर रेझिन, हे जुनं. ईपीएस, म्हणजे थर्माकोलसारख्या मण्यांच्या फोमवर इपॉक्सी रेझिन, हे हलकं आणि तरंगतं. छोट्या लाटांसाठी इपॉक्सीची शिफारस होते आणि ती रास्त आहे. टाचांचे खड्डे कमी पडतात, बोर्ड झटकन उचलतो. पण वारा सुटून पाणी खडबडीत झालं की हलका बोर्ड हलक्या मुलीखाली नाचतो. वारा रोजचाच असेल तर जुनं घराणं बरं. नसेल तर इपॉक्सी. यात मी कुणाशी भांडत नाही.

दुरुस्तीत मात्र भांडतो. इपॉक्सी बोर्डाला खोक पडली की ताबडतोब पाण्याबाहेर. ईपीएसचे मणी एकमेकांना चिकटलेले असतात, त्यांच्या फटींतून पाणी आत शिरत जातं. आणि ती खोक कधीही पॉलिएस्टर रेझिनने भरू नका. मी तरुणपणी एका मित्राचा बोर्ड असाच ‘दुरुस्त’ केला. नाण्याएवढं भोक होतं. रेझिन ओतलं, आणि बघता बघता ते आत गेलं. परत ओतलं, परत गेलं. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो फोम विरघळवतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शेवटी त्या भोकात माझी मूठ गेली असती. मित्र अजून मित्र आहे, पण बोर्ड मागून बघा त्याच्याकडे!

जुना बोर्ड घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या, या वयात तेच शहाणपणाचं. फक्त पाय घसरू नये म्हणून चोळलेलं वॅक्स खरवडून मग बघा. वॅक्सखाली बरंच काही लपतं. उन्हात तिरपा धरून डोळा कडेच्या रेषेत आणा आणि बोर्ड हळूहळू फिरवा. आडवी, बारीक सुरकुती मधल्या लाकडी पट्टीपर्यंत गेली असेल तर तो बोर्ड एकदा मोडता मोडता वाचलेला आहे. तो घेऊ नका. मग पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबत जा. छोटे खड्डे म्हणजे वापर झालाय, त्याचं काही नाही. पण अंगठ्याखाली कवच आत जाऊन ‘टक्’ असं परत वर आलं, तर ते फोमपासून सुटलं आहे. फिनच्या खाचांभोवती केसासारख्या चिरा आहेत का ते नखाने तपासा. शेवटी बोर्ड उचलून बघा: त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड लागला, तर आत पाणी आहे. पिवळेपणाने मात्र बिचकू नका. ऊन लागलं की पॉलियुरेथेन पिवळं पडतंच. नुसत्या पिवळ्या, पण घट्ट बोर्डावर घासाघीस चांगली होते.

बनवून घेणार असाल तर बनवणाऱ्याला खरं वजन आणि खरी पातळी सांगा. आई-बाप इथे हमखास वर्षभर पुढचं सांगतात. मापं बहुधा तळाच्या पट्टीशेजारी पेन्सिलीने लिहिलेली असतात: लांबी, रुंदी, जाडी, तीही इंचांच्या सोळांशात. शाळेतले अपूर्णांक इथे भेटतात. जाडीत एक सोळांश इंच वाढला तर या मापाच्या बोर्डात पाऊण लिटरला थोडं कमी वाढतं. म्हणजे ‘थोडा जाड करा’ म्हणताना तोंडातून आठांश निघतोय की सोळांश, याकडे लक्ष असू द्या.

कडक बोर्डासोबत एक बदल येतो आणि तो तुम्ही, आई म्हणून, आधी समजून घ्यायला हवा. सॉफ्टटॉप लागला तर टेंगूळ येतं, हा लागला तर टाके पडू शकतात. सर्फिंगमधल्या बऱ्याचशा जखमा स्वतःच्याच बोर्डाने होतात. नाकावर रबरी टोपी चिकटवा. नव्या फिनच्या धारा बारीक सँडपेपरने बोथट करा, वेगात काही फरक पडत नाही. पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायची सवय सॉफ्टटॉपवर असतानाच लावा. लीश, म्हणजे बोर्ड पायाला जोडून ठेवणारा पट्टा, बोर्डाच्या लांबीइतकी, ५ किंवा ६ फुटी, मुलांसाठीची बारीक. ती मागच्या पायाला. आणि लीश बोर्डाला बांधायची छोटी दोरी इतकीच लांब ठेवा की लीशची रुंद पट्टी बोर्डाच्या कडेवर येईल. दोरीच कडेवर आली तर जोरात ताण बसल्यावर ती कड कापते.

बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका. वॅक्स वितळून सीटला लागलं तर तुम्ही चिडाल, पण आत कवच फुगून सुटलं तर ते परत बसत नाही.

राहिला प्रश्न कोणत्या दिवशी कोणता. गुडघ्याएवढ्या लाटा असतील तर सॉफ्टटॉप, बिनदिक्कत. बोर्डावर पुढे-मागे चालणं, वळण घेताना नजर कुठे, हे सगळं ती त्यावरच शिकेल. मांडी ते तिच्या हनुवटीपर्यंत नवा बोर्ड. मोठ्यांच्या डोक्याइतक्या लाटांच्या दिवशी कुठलाच नाही, प्रशिक्षक शेजारी पाण्यात असतील तर गोष्ट वेगळी. बोर्ड बदलल्याने लाट लहान होत नाही. प्रशिक्षकांचा १८ लिटरवाला कधी? वहीतल्या आडव्या काटा सॉफ्टटॉपच्या आकड्याशी बरोबरीला आल्या आणि ती न सांगता म्हणाली की ‘बोर्ड वळताना मागे ओढतो’, तेव्हा. हे वाक्य तिच्याकडूनच यायला हवं. तोवर तिचं वजनही बदललेलं असेल, तेव्हा मापाचं गणित नव्याने करा, १८ ला चिकटून राहू नका.

पहिल्या दिवशी दोन्ही बोर्ड गाडीत असू द्या. नव्यावर अर्धा तास, रडकुंडीला आली की सॉफ्टटॉप, मग मन झालं तर परत नवा. ती नव्या बोर्डावर असेल तेव्हा सॉफ्टटॉप वाळूत रिकामा पडलेला असेल. तुम्हाला पोहता येतं म्हणालात ना? मग वही बाजूला ठेवून प्रशिक्षकांना एक धडा मागून बघा.

आणि फिनची किल्ली दोन घ्या. एक वाळूत जातेच.